बंगईच्या तुळईतला भुंगा

वाचकाचं पत्र:

"नमस्कार. आमचं घर महालात आहे, सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. समोर कवेलूची छपरी, तिच्या सागवानी तुळईला बंगई टांगलेली. दोन वर्षांपासून त्या तुळईत काळे भवरे भोकं पाडून राहिले. भोक इतकं गोल की गिरमिटानं पाडल्यासारखं. खाली रोज भुसा पडते, भिंतीवर पिवळे ओघळ. यंदा पाडव्याला माळ्यावरून गुढीची काठी काढली तर तिलाही भोक! आमची दहा वर्षांची पोट्टी छपरीत पाय ठेवत नाही, कारण एक पिवळा भवरा थेट तोंडासमोर येऊन हवेत थांबते. ह्यांनी सिरिंजमध्ये पेट्रोल भरून ठेवलं आहे. शेजारचे काका म्हणतात, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, उधईचं औषध मारलं की सगळंच मरते. आणि सासूबाई म्हणतात, खबरदार हात लावाल तर, आपल्या घरातलंच कोणीतरी भवरा होऊन आलं आहे. मी मधात सापडली. घर पडेल का? पोरीला चावेल का? मारू की राहू देऊ?"
— एक वाचक, महाल, नागपूर

ताई,

बाकीचं सावकाश वाचा, आधी बंगई, म्हणजे तो झोपाळा, उतरवा. आजच. भुंगे चावतील म्हणून नाही. तुळई नेमकी कुठे आणि किती पोखरली गेली आहे हे कळेपर्यंत तिच्यावर माणसांचा भार नको, म्हणून. छपराचं वजन एका जागी शांत असतं. बंगईवर दोन मोठी माणसं आणि एक पोर बसून झोका घेतात, तेव्हा कड्यांच्या बोल्टपाशी पुढे-मागे सारखी ओढ बसते, आणि तुमच्या पत्रावरून भोकं त्याच तुळईत आहेत. अख्ख्या पत्रात घाईची गोष्ट एवढीच. उरलेलं दिवाळीपर्यंत निवांत करता येईल.

आता आलेलं कोण आहे ते ठरवू, कारण आपल्याकडे लाकडाला भोक दिसलं की पहिला आळ उधईवर, म्हणजे वाळवीवर, येतो. उधई असं गोल भोक पाडत नाही. ती मातीच्या नळ्या करत भिंतीवरून चढते, उजेड टाळते आणि लाकूड आतल्या आत खाते. घुण लागला असेल तर भोकं टाचणीच्या डोक्याएवढी आणि खाली बारीक पिठूळ पूड. तुमच्याकडचा भुसा चिमटीत धरून पाहा. जाडसर असेल, कण बोटाला लागतील, रंग आतल्या लाकडासारखा ताजा. भोकाचं तोंड साधारण अर्ध्या इंचाचं, करंगळी जाईल न जाईल एवढं. खालचे पिवळे ओघळ ही भुंग्यांची विष्ठा. परागकण खातात म्हणून तिचा रंग तसा. ओल्या फडक्याला साबण लावून पुसलं तर जातं, वाळून जुनं झालं की भिंतीला धरून बसतं. गोल भोक, जाड भुसा आणि पिवळे डाग एकाच जागी असले की शंका ठेवायचं कारण नाही. हा लाकूड पोखरणारा काळा भुंगा. शास्त्रात याला झायलोकोपा म्हणतात, जगभरात याच्या सुमारे ५०० जाती आहेत. तरीही खात्री करायची असेल तर एखादा मेलेला भुंगा सापडेल तेव्हा काडेपेटीत ठेवा आणि महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्राच्या मंडळींना दाखवा.

हा मधमाशीचा नातलग आहे, पण तिच्यासारखं पोळं, राणी, कामकऱ्यांची फौज यातलं याच्याकडे काहीच नसतं. उंच इमारतींच्या छज्ज्यांना आणि पाण्याच्या टाक्यांखाली लटकणारं आग्या मोहोळ वेगळं. ते उठलं की जिवावर बेततं, तिथे घरच्या घरी काही करायचंच नसतं. भुंग्याची मादी एकटी असते. तिच्या भोकाशी गेलात म्हणून शंभर जणी अंगावर येत नाहीत, कारण शंभर जणी नसतातच.

ही एकटी बाई आत काय करते ते समजलं की पुढचे सगळे उपाय आपोआप कळतात, म्हणून इथे जरा थांबू. ती लाकूड खात नाही. जबड्यानं कुरतडून काढते आणि भुसा बाहेर टाकते. आधी इंचभर सरळ आत शिरते, मग काटकोनात वळून लाकडाच्या रेषेच्या दिशेनं बोगदा नेते. म्हणूनच भोकात स्क्रूड्रायव्हर घालून पाहणाऱ्याला वाटतं, इंचभरच तर आहे! खरा बोगदा वळणाच्या पुढे असतो. काम हळू चालतं, लाकूड किती कठीण त्यावर आठवड्याला इंच-दीड इंच. बोगदा झाला की टोकाशी पराग आणि मकरंद मळून एक गोळा ठेवायचा, त्यावर एक अंडं घालायचं आणि लाकडाचा भुसा लाळेत कालवून पडदी बांधायची. तिच्या अलीकडे दुसरा गोळा, दुसरं अंडं, दुसरी पडदी. आत डबा ठेवून दार लावून घेतलेल्या खोल्यांची एक रांगच. अंडं म्हणाल तर कीटकांच्या मानानं राक्षसी, काही जातींत सेंटिमीटरहून लांब. त्यामुळे ती थोडीच घालते. अळीला लागणारं सगळं अन्न आधीच खोलीत असतं, पुन्हा भरवायला आईला यावं लागत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

अंड्यापासून उडणारा भुंगा व्हायला हवामानाप्रमाणे महिना-दीड महिना लागतो. नवे भुंगे लगेच घर सोडत नाहीत, काही दिवस त्याच बोगद्यात राहतात. त्यानंतर त्यातलीच एखादी मादी नवं लाकूड शोधायच्या भानगडीत न पडता आईचाच बोगदा साफ करून पुढे वाढवते. तुमची तुळई दोन वर्षं त्यांची का झाली, त्याचं कारण हे. आणि घर पडेल का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. एका मादीचा पहिल्या वर्षाचा वीतभर बोगदा जाड तुळईचं काही बिघडवत नाही. तीच तुळई वर्षानुवर्षं तशीच सोडली, बोगद्याला फाटे फुटत गेले, पावसाचं पाणी भोकातून आत मुरायला लागलं, तर मात्र लाकूड कमकुवत होतं. दोन वर्षांत घर पडत नाही. दहा वर्षं दुर्लक्ष केलं तर छपरीला सुतार लागेल.

"पण साग आहे आमचा, सागाला कुठे काय लागतं?" असं ह्यांचं म्हणणं असेल. बरोबर आहे, अर्धंच. सागाच्या गाभ्यात असे पदार्थ असतात की उधई त्याच्या वाटेला जात नाही, कारण ती लाकूड खाते. भुंगा खातच नाही, तो फक्त कुरतडून बाहेर टाकतो. त्याला अडवतो तो लाकडाचा कठीणपणा. बल्लारशाच्या पिकल्या सागाचा गाभा तो सहसा सोडून देतो. पण तुळईच्या कडेला राहिलेला पांढरट कच्चा भाग, उन्हानं तडकलेला पृष्ठभाग, रंग न लावलेली खालची बाजू, जुन्या खिळ्याचं भोक, करवतीनं कापलेलं टोक, या सगळ्या त्याच्यासाठी उघड्या जागा आहेत. नागपूरचं ऊन लाकडावर काय करतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मे महिना ४५ अंशांच्या वर गेला की पॉलिशचे पापुद्रे निघतात आणि आतलं लाकूड उघडं पडतं. हे भुंगे तुमच्या घरावर रुसून आलेले नाहीत, त्यांना कोरडं, उघडं लाकूड दिसलं, बस.

तेव्हा भांडण भुंग्याशी नाहीच, लाकडाशी आहे. भुंगे मारलेत आणि लाकूड तसंच ठेवलंत तर पुढच्या उन्हाळ्यात दुसरे येतील, भोकं आयतीच आहेत.

ह्यांच्या सिरिंजमधलं पेट्रोल परत गाडीत जाऊ द्या. सुकलेल्या जुन्या लाकडाच्या पोटात पेट्रोल सोडायचं आणि त्याच छपरीत संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावायचा, ही कल्पना ऐकूनच घाम फुटला. रॉकेलचीही तीच गत. डासांच्या रॅकेटनं भुंगे टिपणारेही असतात. त्यात नरच जास्त सापडतात, कारण उघड्यावर घिरट्या तेच घालतात, आणि नर मेल्यानं भोक पाडणं एक दिवसही थांबत नाही. राहिलं काकांचं उधईचं औषध. ते जमिनीत आणि भिंतीच्या पायथ्याशी भोकं पाडून सोडतात, जमिनीतून वर येणाऱ्या उधईसाठी. आठ फूट उंचीवरच्या तुळईत उडत येणाऱ्या भुंग्याचा त्याच्याशी संबंध नाही. पेस्ट कंट्रोलवाला आला आणि भोकं न पाहताच अख्ख्या घराला उधईची ट्रीटमेंट सुचवायला लागला, तर चहा पाजून परत पाठवा. भोकात थेट विषारी भुकटी उडवणारेही आहेत. तिनं भुंगे मरतात, खरं आहे. पण ती भुकटी वाऱ्यानं खाली झडते, आणि खाली तुमची बंगई असते.

संत्र्याच्या सालांचं विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच, नागपूर आहे. सालं उकळून ते पाणी शिंपडलं तर त्या वासानं भुंगा थोडा वेळ लांब राहू शकतो. आपल्या उन्हात तो वास दुपारपर्यंतही टिकत नाही. सकाळ-संध्याकाळ शिंपडायची तयारी असेल तर करा, घर तरी छान वास मारेल.

पोरीच्या भीतीचं मात्र मनावर घ्या, आणि ती घालवणं सगळ्यांत सोपं आहे. तोंडासमोर येऊन हवेत थांबणारा तो पिवळा भुंगा नर आहे. या भुंग्यांच्या काही जातींत मादी काळी असते आणि नर पिवळसर मऊ केसांचा, इतका वेगळा की दोघं एकाच जातीचे वाटत नाहीत. नराला नांगीच नसते. मधमाश्या, गांधीलमाश्या, भुंगे या सगळ्यांत नांगी फक्त मादीला असते, कारण अंडी घालायच्या अवयवाचीच ती झाली आहे. नराचा दिवस हवेतला आपला तुकडा राखण्यात जातो. त्या तुकड्यात जे हलेल त्याच्याकडे तो धावतो, दुसरा नर असो, चिमणी असो की तुमची लेक. आत शिरलंय कोण, एवढंच त्याला पाहायचं असतं. पोरीला छपरीच्या पायरीवर बसवा, हातात चण्याएवढे चार-दोन खडे द्या आणि भुंग्यावर नाही, त्याच्या बाजूनं, थोडा वरून एक खडा फेकायला सांगा. भुंगा खड्यामागे सुसाट जाईल, खडा जमिनीला टेकायच्या आत वळेल आणि पुन्हा आपल्या जागी येऊन थांबेल. दुसरा खडा, पुन्हा तेच. ज्याला खडा आणि शत्रू यातला फरक कळत नाही, त्याला पोरं फार वेळ घाबरत नाहीत.

मादी चावते का, म्हणजे नांगी मारते का? मारू शकते, पण तिला मुठीत दाबलं, अंगाखाली चिरडलं किंवा भोकात काडी घालून डिवचत राहिलं तरच. डिवचलं तरी बहुतेक वेळा ती पाठमोरी होते आणि पोटाच्या टोकानं भोकाचं तोंड बंद करून बसते. बॅटरी मारून पाहा, भोकात काळं चकचकीत बूच बसवल्यासारखं दिसेल. तेवढा निरोप पुरेसा आहे, खराट्याची काडी बाजूला ठेवायची. तिची नांगी मधमाशीसारखी कातडीत तुटून राहत नाही, त्यामुळे ती पुन्हाही मारू शकते. लागलीच तर साबणानं धुवा, बर्फ लावा, दुखणं काही तासांत उतरतं. मात्र चेहरा सुजला, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला, तर घरगुती काही न करता सरळ मेडिकल किंवा मेयो, जे सरकारी रुग्णालय जवळ असेल ते गाठा. हे कोणत्याही नांगीच्या बाबतीत खरं आहे.

आता कामाचं. सुताराला बोलवा आणि त्याच्याकडून तुळई ठोकून घ्या. हातोडीच्या दांड्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत. भरीव लाकडाचा आवाज आणि पोकळ आवाज यातला फरक तुमच्याही कानाला कळेल. पोकळ वाटेल तिथे खडूनं खूण करा. मग एखादी लवचीक तार, सायकलच्या ब्रेकची चालते, रिकाम्या भोकातून आत सरकवून बोगदा कोणत्या दिशेला आणि किती गेलाय ते मोजा. बंगईच्या बोल्टपासून हातभराच्या आत पोकळ निघालं तर त्या तुळईवर बंगई पुन्हा टांगू नका. तुळईला खालून लोखंडी चॅनल देऊन भार त्यावर घ्यायचा की तुळईच बदलायची, हे सुतार आणि फॅब्रिकेशनवाला दोघांना एकत्र उभं करून ठरवा. वेगवेगळे बोलावलेत तर दोघंही आपापलंच काम सांगतील.

भोकं बुजवायची, पण आत कोणी नसेल तेव्हाच. भरल्या घरावर डट्टा मारला तर आतले भुंगे बसून राहत नाहीत, शेजारून नवं भोक पाडून बाहेर येतात. एकाची दोन. आत अळ्या मेल्या तर त्यांच्यावर मुंग्या येतात ते वेगळं. आत कोणी आहे का हे पाहायची रीत सोपी. अंधार पडल्यावर वर्तमानपत्राच्या कागदाचा सैल बोळा प्रत्येक भोकात नुसता टेकवून ठेवायचा, दाबायचा नाही. सकाळी दहापर्यंत बोळा खाली पडलेला दिसला तर आत माणूस, म्हणजे भुंगा, आहे. बोळा जागेवर राहिला तर आणखी तीन-चार दिवस तसाच ठेवून पाहायचा. आत अळ्या असतील आणि मादी मरून गेली असेल तर बोळा पडत नाही, म्हणून ज्या भोकाखाली यंदा ताजा भुसा पडला आहे ते बोळा न पडताही रिकामं धरू नका. त्याला दिवाळीपर्यंत सवलत द्या.

रिकामं ठरलेलं भोक आधी तारेनं साफ करायचं, आतला भुसा बाहेर काढायचा. मग भांडी घासायच्या स्टीलच्या तारेची गोळी आत वळणापर्यंत कोंबायची. ती कुरतडायला भुंग्याचा जबडा चालत नाही. त्यावर फेविकोल लावलेला लाकडी डट्टा ठोकायचा, बाहेर आलेलं टोक कापायचं, वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची आणि पॉलिश पेपर मारायचा. नुसती लांबी भरून चालत नाही. ती लाकडापेक्षा मऊ, भुंगा आठवड्यात पुन्हा आत.

शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं काम रंगाचं. पॉलिश आणि वॉर्निशला हा भुंगा जुमानत नाही, ऑइल पेंटच्या जाड थराला तो कचरतो. साग रंगानं झाकायचा म्हणजे सासूबाईंच्या जिवावर येणार, माझ्याही आलं असतं. पण पूर्ण तुळई रंगवायची गरज नाही. वरची आणि खालची बाजू, कापलेली टोकं, भिंतीत शिरते तिथला सांधा, खिळ्यांची भोकं, या जागा प्रायमर आणि दोन हात ऑइल पेंटनं भरून काढा. समोरून दिसणारी बाजू पॉलिशची ठेवायची असेल तर ठेवा, फक्त मग ती दरवर्षी नव्यानं करावी लागेल. जिथे भोकं नाहीत त्या लाकडाला रंग आत्ताच, मृगाच्या आधी द्या. सध्या लाकूड पूर्ण सुकलेलं आहे, रंग धरेल. मात्र पेंटरला सकाळी दहाच्या आत काम उरकायला सांगा. तापलेल्या लाकडावर रंग लावला की फोड येतात, आणि फुटलेल्या फोडाखाली पुन्हा उघडं लाकूड. ज्या भोकांत वस्ती आहे तो भाग पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या सफाईत. तोवर यंदाची पिल्लं उडालेली असतील. थंडी पडली की उरलेले भुंगेही सुस्त होतात.

आणि तुळई बदलायचीच ठरली, आणि तिच्यात वस्ती असली तर? सुताराला सांगून पोखरलेला तुकडा पहाटे, भुंगे बाहेर पडायच्या आत कापून घ्या. तो सांभाळून मागच्या अंगणात न्या आणि भोकाचं तोंड बाजूला राहील असा आडवा टांगा, सावलीत, पाऊस लागणार नाही असा. मघाशी म्हटलं तसं अळ्यांचा डबा आत भरलेला आहे. आई परत आली नाही तरी बंद खोल्यांतली पिल्लं त्यांच्या वेळेला बाहेर येतील.

गुढीच्या काठीचं दुःख समजू शकते. बांबू या भुंग्यांच्या काही जातींना लाकडापेक्षाही आवडतो, कारण आतली पोकळी आयती मिळते, पेराची एक भिंत पोखरली की काम झालं. काठीत आत्ता कोणी नसेल तर ती वापरायला हरकत नाही, भोकात डट्टा बसवून घ्या. पुढे बुरडाकडून काठी आणताना दोन्ही टोकं पेरावर कापलेली घ्या आणि वर्षभर ती उघड्या माळ्यावर न ठेवता जुन्या साडीत किंवा चादरीत गुंडाळून घरात ठेवा. परसात वाल-दोडक्याचा मांडव असेल तर त्याच्या बांबूंची मात्र काळजी करू नका, तिथे राहू देत.

सासूबाईंकडे येऊ. त्यांच्याशी वाद घालू नका, एक तर तुम्ही हराल. आणि पितरांचं त्यांचं त्या जाणोत, पण मारू नका हे त्या म्हणतात ते हिशेबानंही बरोबर आहे. दारात शेवगा आहे का? महालातल्या जुन्या घरांच्या परसात असतोच. शेवग्याच्या फुलांचं परागीभवन करणाऱ्यांत हे मोठे भुंगे पुढे असतात. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलात पराग बंद नळीत असतो, टोकाला बारीक छिद्र. भुंगा फुलाला लोंबकळून पंखांचे स्नायू थरथरवतो, त्या कंपानं पराग झडतो. ऐकलंत तर आवाजही बदलतो, उडताना घुमतो तसा नाही, आखूड आणि चिरका. मधमाशीला हे जमत नाही. सध्या रस्त्यारस्त्यांवर बहावा फुलायला लागलाय, त्याच्या पिवळ्या घोसांखाली सकाळी दोन मिनिटं उभ्या राहा, तोच आवाज येईल. तुरीच्या शेतातही हेच काळे भुंगे दिसतात. सासूबाईंना यातलं काही समजावून सांगायची गरज नाही. संध्याकाळी भोकांना कागदाचे बोळे लावायचं आणि सकाळी कोणते पडले ते पाहायचं काम त्यांच्याकडे सोपवा. कोणाला कोंडलं जाणार नाही याची खात्री त्यांच्याच हाती राहील, आणि त्यांच्याइतक्या काटेकोरपणे ते घरात दुसरं कोणी करणारही नाही. ह्यांच्याकडे रंगाचं काम द्या. सिरिंज घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाला ब्रश दिला की तोही शांत होतो.

तुळई बंद केली की भुंगे दुसरं लाकूड शोधणार, ते शेजारच्या काकांची खिडकी असू नये म्हणून त्यांना जागा दाखवून द्या. सुताराकडे सावरीचा किंवा आंब्याचा सुकलेला ओंडका मागा, हातभर लांब, मांडीएवढा जाड, साल काढलेला, रंग-तेल काही नको. तो मिळाला नाही तर अंगठ्याएवढ्या पोकळीचे वीत-दीड वीत बांबूचे तुकडे घ्या, एक टोक पेरानं बंद आणि एक उघडं, आणि त्यांची मोळी बांधा. ओंडक्याला अर्ध्या इंचाच्या पात्यानं दोन-तीन भोकं इंचभर खोल पाडून दिलीत तर आमंत्रण लवकर पोचतं. परसात शेवग्याजवळ, माणसाच्या डोक्याहून वर, पूर्वेकडे तोंड करून, पाऊस आणि दुपारचं ऊन लागणार नाही असा घट्ट बांधा. वाऱ्यानं हलता कामा नये. पहिल्या उन्हाळ्यात कोणी फिरकलं नाही तरी जागा बदलू नका. पावसाळ्यात त्याला बुरशी धरली तर मात्र फेकून दुसरा लावा.